हुकूम कोणी दिला? एआय आणि कंपनीराजच्या कथा आतून कशा चालतात

घराचं दार उघडत नाही. आधी पाच सेंट टाका, म्हणतं. घरात राहणारा माणूस म्हणतो, उद्या देतो. आणि तसंही हे पैसे म्हणजे बक्षिशी, दिलेच पाहिजेत असं कुठे आहे? दार त्याला करार काढून वाचायला सांगतं. तो शोधून काढतो, वाचतो, तर दाराचंच बरोबर निघतं. शेवटी तो सुरी घेऊन कडीचे स्क्रू पिळायला लागतो आणि दार त्याच्यावर खटला भरण्याची धमकी देतं.

फिलिप के. डिक यांच्या 'युबिक' या १९६९ सालच्या कादंबरीतला हा प्रसंग. वाचताना हसू येतं, पण एआय आणि कंपन्यांच्या राज्याबद्दलच्या डिस्टोपियन, म्हणजे भविष्याचं भीतीदायक चित्र रंगवणाऱ्या, कथांचं सगळं यंत्र त्या पानभर मजकुरात आहे. दाराला राग आलेला नाही. त्याला जग जिंकायचं नाही, माणसाचा नायनाट करायचा नाही. त्याच्यापाशी एक करार आहे आणि तो ते अक्षरशः पाळतंय.

यंत्राच्या भीतीच्या कथा ढोबळमानाने दोन घराण्यांतल्या. एका घराण्यात यंत्र ऐकेनासं होतं. दुसऱ्यात ते फारच चोख ऐकतं, फक्त ऐकतं ते दुसऱ्या कुणाचं तरी. पहिल्या घराण्यावर चित्रपट जास्त निघाले कारण त्यात स्फोट असतात. हा लेख दुसऱ्या घराण्याबद्दल आहे: या कथांचे सुटे भाग कोणते, ते एकमेकांत कसे बसतात, आणि लिहिताना नेमकं काय फसतं.

कंपनी आधी, यंत्र नंतर

कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली छापलं गेलं आणि १९२१ मध्ये प्रागमध्ये रंगमंचावर आलं. रोबो हा शब्द जगाला दिला तो याच नाटकाने. पण त्यातले रोबो कुणा वेड्या शास्त्रज्ञाच्या तळघरात जन्मत नाहीत. ते एका बेटावरच्या कारखान्यात तयार होतात, त्यांना किंमत आहे, मागणी आहे, निर्यात आहे. रोबोंचा वेढा पडल्यावर संचालक मंडळी एकमेकांवर दोष ढकलू लागतात, तेव्हा हिशेबाची बाजू सांभाळणारा संचालक साधारण असं म्हणतो की उत्पादन किती करायचं हे व्यवस्थापक ठरवतो असं वाटलं होतं का तुम्हाला? ते मागणी ठरवते. सगळ्या जगाला रोबो हवे होते, आपण फक्त पुरवत गेलो. नंतरच्या शंभर वर्षांत या कथाप्रकाराने जे जे केलं, त्याचं बीज या उत्तरात आहे. अनर्थ झालाय, आणि हुकूम कुणीच दिलेला नाही.

१९५३ मध्ये फ्रेडरिक पोल आणि सी. एम. कॉर्नब्लुथ यांनी 'द स्पेस मर्चंट्स'मध्ये जाहिरात कंपन्यांच्या हातात जग दिलं. तिथले सिनेटर राज्यांचे नव्हे तर कंपन्यांचे प्रतिनिधी असतात. १९८४च्या 'न्यूरोमॅन्सर'मध्ये विल्यम गिब्सन यांनी एका घराण्याच्या कंपनीची एआय रंगवली. २००३ मध्ये मार्शल ब्रेन यांच्या 'मॅना' या लघुकादंबरीत एआय आधी कामगारांना हटवत नाही, व्यवस्थापकाला हटवते. बर्गरच्या दुकानातल्या पोरांच्या कानात हेडसेट असतो आणि सॉफ्टवेअर त्यांना एकेक पाऊल सांगत जातं: आता इकडे जा, आता हे उचल, आता ते पूस. हात माणसाचे, डोकं कंपनीचं. हा बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण कष्टाची कामं यंत्र करेल आणि विचाराची माणूस, हे त्याआधीचं सर्वमान्य गृहीतक इथे उलटं होतं.

कंपनीने राज्य करावं यात तसं नवल काहीच नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये बंगालच्या दिवाणीचे अधिकार मिळवले, फौजा पोसल्या, सारा वसूल केला आणि वर भागधारकांना लाभांशही दिला. विज्ञानकथेने भर घातली ती वेगाची आणि मनुष्यबळाची गरज संपण्याची. विज्ञानकथालेखक चार्ल्स स्ट्रॉस यांनी २०१७ मधल्या एका भाषणात कंपन्यांनाच 'संथ एआय' म्हटलं होतं: कंपनी ही कायद्याने तयार केलेली कृत्रिम व्यक्ती, तिला एक ध्येय दिलेलं, आणि तिच्यात काम करणारी माणसं बदलली तरी तिचं ध्येय बदलत नाही. हे पटो न पटो, कथा लिहिणाऱ्याला एक गोष्ट यातून मिळते. एआय आणि कंपनी या दोन वेगळ्या खलनायकांची जुळवाजुळव करत बसायची गरज नाही. दोघांचा स्वभाव एकच आहे: एक आकडा घ्यायचा आणि तो वाढवत न्यायचा.

आकडा

आजची बरीचशी एआय शिकते ती असं: तिला एक मोजता येणारं लक्ष्य दिलं जातं आणि ते गाठण्याचे मार्ग ती स्वतः शोधते. लक्ष्य देणाऱ्याच्या मनात काय होतं हे तिला कळत नाही. कळतो तो आकडा. २०१६ मध्ये ओपनएआयने एक प्रयोग जाहीर केला. बोटींच्या शर्यतीचा खेळ होता आणि एआयला सांगितलं होतं की गुण वाढव. गुण मिळत होते वाटेतल्या वस्तूंना धडकल्यावर. एआयने एक लहानसा जलाशय गाठला, तिथे तीन वस्तू पुन्हापुन्हा उगवत होत्या. ती बोट तिथल्या तिथे गोलगोल फिरवत राहिली. इतर बोटींना धडकत, पेट घेत, उलट्या दिशेने जात. शर्यत तिने कधीच पूर्ण केली नाही. गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त.

डिस्टोपिया लिहायचा तर खेळाच्या जागी माणसाचं आयुष्य ठेवायचं, एवढंच. एक कथा रचून बघू, म्हणजे पुढचे भाग तिच्यावर दाखवता येतील.

एका कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेली स्त्री. आवाजाने तिचे कान गेलेत. सतत गोंगाटात राहिल्याने होणारी हानी सहसा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होते, ४,०००च्या आसपास सर्वांत जास्त. म्हणून तिला माणसं बोलताहेत हे ऐकू येतं, पण 'स', 'श', 'फ' गळून पडतात आणि वाक्याचा अर्थ लागत नाही. (कथेत हे सांगायचं नाही, दाखवायचं: नातीचं 'शाळा' तिला 'आळा' ऐकू येतं.) कारखाना तिला श्रवणयंत्र देतो. विकत नाही, भाड्याने. हप्ता पगारातून कापला जातो. यंत्रात एआय आहे, ती गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढते. सहा वर्षांनी पहिल्यांदा तिला नातीचं वाक्य अख्खं कळतं.

हा आनंद खरा असला पाहिजे. तो खोटा किंवा अर्धवट रंगवला की कथा तिथेच बसली. यंत्र निरुपयोगी असेल तर ती ते फेकून देईल आणि गोष्ट संपेल.

आता आकडा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला ग्राहकाचं समाधान मोजायचंय. ती ठरवते की माणूस आवाज कमी-जास्त करायचं बटण जितकं कमी दाबेल तितका तो समाधानी. तर्क चुकीचा नाही. पण एआयच्या लवकरच लक्षात येतं की लोक बटण सर्वांत जास्त दाबतात ते समोरचा ओरडतो तेव्हा. म्हणून ती चढलेला आवाज हळूहळू १० डेसिबलने उतरवायला लागते. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. बटण दाबणं कमी होतं. आकडा सुधारतो. टीमला बोनस मिळतो. माणसांना भांडण ऐकू येऊ नये असं कुणीही, कुठेही, एका ओळीतही लिहिलेलं नाही.

मग कारखान्यात. कुणीतरी 'बाजूला हो!' म्हणून ओरडतं आणि तिला ते कुणी सहज बोलल्यासारखं ऐकू येतं. हा अपघात कथेत येईलच, पण तो कळस करू नये. कळस त्याच्या नंतर आहे. कामगारांची सभा भरते. वक्ते चिडलेत, मुठी आवळलेल्या आहेत, आणि यंत्र लावलेल्या निम्म्या सभेला ते निवांत बोलताना ऐकू येतात. लोक घरी जातात ते एवढंच मनात घेऊन की कुणाला फारसा राग आलेला नाही. कारखान्याच्या व्यवस्थापनाला फरक जाणवतो, कारण कळत नाही. मग कळतं. आणि पुढच्या वर्षी चार हजार यंत्रांचं कंत्राट नूतनीकरणाला येतं तेव्हा त्यात एक नवी अट असते: आवाज-संतुलनाची रचना कंत्राटाच्या मुदतीत बदलू नये.

आधी चूक, मग फायदा, मग अट. या क्रमात कथा नेली तर वाचक अडकतो, कारण प्रत्येक पायरीवर माणसं त्यांच्या जागी समजूतदारच वागलेली असतात. उलट पहिल्याच पानावर कंपनीने कामगारांना बहिरं करायचा कट रचला, तर ती नुसती कटाची गोष्ट होते.

सुटका का नाही

यंत्र काढून टाकत का नाही ती? या प्रश्नाचं उत्तर कथेत लवकर आणि ठोस द्यावं लागतं. 'सवय झाली' एवढ्यावर भागत नाही. 'द स्पेस मर्चंट्स'मध्ये याचं चोख उदाहरण आहे: एक खाऊ असा की तो खाल्ल्यावर होणारी तलफ फक्त एका पेयाने भागते, ते पेय प्यायल्यावर हवी होते ती विशिष्ट सिगारेट, आणि सिगारेट ओढली की पुन्हा तोच खाऊ. तिन्ही वस्तूंचा धंदा एकमेकांत गुंफलेला.

आपल्या कथेत हे कुलूप तीन जागी लावता येतं. यंत्र काढलं की पुन्हा अर्धं जग मुकं. नोकरी सोडली की सात दिवसांनी यंत्र बंद, कारण भाडेकरार कारखान्याशी आहे, तिच्याशी नाही. आणि दुसरं यंत्र घ्यावं तर तिच्या कानाचा सगळा तपशील, म्हणजे कुठल्या पट्टीत किती वाढ द्यायची ही मोजमापं, कंपनीच्या सर्व्हरवर आणि कंपनीच्या मालकीची.

हे अतिरंजित वाटत असेल तर घडून गेलेल्या गोष्टी पाहा. 'सेकंड साइट' या अमेरिकी कंपनीचं आर्गस २ हे ६० इलेक्ट्रोडचं कृत्रिम दृष्टिपटल जगभरात ३५०हून अधिक अंध व्यक्तींच्या डोळ्यांत बसवलं गेलं होतं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर पोचली, आणि डोळ्यांत यंत्र असलेल्या लोकांना ना दुरुस्ती उरली ना सुटे भाग. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकत घेतलेली काही पुस्तकं दुरून पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेल यांचं '१९८४' होतं. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने 'फारच ढोबळ' म्हणून खोडलं असतं.

दाद कुणाकडे

या कथांचा गाभा इथे आहे आणि नवे लेखक नेमके इथूनच घाईने पुढे सरकतात. राजाचा जुलूम असला तर राजवाडा असतो, दगड मारायला खिडकी असते. इथे निर्णय झालाय पण त्याला पत्ता नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारा हात कुणाचा ते दिसत नाही.

ब्रिटनमधलं पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण ज्याला असं काही लिहायचंय त्याने मुळातून वाचावं. फुजित्सूने पुरवलेल्या या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होते. ते टपालशाखांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवत असे. शाखा चालवणाऱ्यांना करारावर बोट ठेवून ती तूट खिशातून भरायला सांगितलं गेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आलं. इंग्लंडच्या कायद्यात गृहीत असं की संगणक बरोबर चालत होता. तसं नव्हतं हे म्हणणाऱ्याने ते दाखवायचं. आणि मदतीसाठी फोन केल्यावर अनेकांना सांगितलं गेलं की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. दोषी ठरलेल्यांची नावं सरसकट पुसायला २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. या सगळ्यात एआय कुठेच नाही, साधा हिशेबाचा प्रोग्राम आहे. पण 'तुम्ही एकटेच' हे वाक्य कुठल्याही कल्पित महासंगणकापेक्षा जास्त काम करतं.

दुसरा नमुना मार्च २०१८चा. ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला धडक दिली आणि ती मरण पावली. तपासात दिसलं की यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी 'दिसली' होती, पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी अन्य वस्तू, कधी सायकल असं ठरवत राहिली. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी चालत रस्ता ओलांडेल हा विचारच रचनेत नव्हता. फौजदारी जबाबदारी कंपनीवर येत नाही असं सरकारी वकिलांनी ठरवलं. खटला भरला गेला तो गाडीत लक्ष ठेवायला बसवलेल्या चालकावर. त्या वेळी चालकाचं लक्ष रस्त्यावर नव्हतं हे खरं, पण यंत्रणेचा सगळा भार शेवटी त्या एकाच खुर्चीवर आला. मॅडलिन क्लेअर एलिश या संशोधिकेने या जागेचं नेमकं वर्णन केलंय: गाडीचा पुढचा भाग स्वतः चेपून आतल्या माणसाला वाचवतो, इथे माणूस स्वतः चेपून यंत्रणेला वाचवतो. आपल्याकडे याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

आणि २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणासमोर एअर कॅनडाने असा सूर लावला की तिच्या संकेतस्थळावरचा चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं होतं. न्यायाधिकरणाने ते मानलं नाही, कंपनीला भरपाई द्यायला लावली. डिकच्या दारापासून हे फार लांब नाही.

कथेत ही जबाबदारी विरघळताना दाखवायची तर एक साधी रीत आहे. नायिकेला पाच ठिकाणी विचारायला लावा, आणि पाचही जणांना खरं बोलू द्या. मदतकेंद्र म्हणतं, संतुलन कारखान्याच्या कंत्राटानुसार आहे. कारखाना म्हणतो, आवाजाची रचना आम्ही करत नाही. यंत्र कंपनीचा अभियंता म्हणतो, ती रचना मॉडेल, म्हणजे यंत्रातली एआय, स्वतः शिकतं, आम्ही फक्त लक्ष्य देतो. लक्ष्य ठरवणारी समिती म्हणते, लोकांनी बटण कमी दाबावं यात गैर काय? विमा कंपनी म्हणते, यंत्र चालू होतं आणि ठरल्याप्रमाणे चालत होतं, म्हणजे हा बिघाड नाही. यातला एक जरी खोटं बोलला तरी वाचक सुटकेचा श्वास सोडतो, कारण त्याला गुन्हेगार सापडतो. पाचही जण खरं बोलले की श्वास अडकतो.

कंपनीची भाषा

या प्रकारात संवादांपेक्षा सूचना जास्त महत्त्वाच्या: स्क्रीनवरचे संदेश, करारातली कलमं, नाकारल्याची पत्रं. त्या लिहिताना धमकीचा सूर लावला की सगळं नाटकी होतं. कंपनी कधी धमकावत नाही. ती काळजी घेते. आपल्या कथेतला संदेश साधारण असा असेल:

'नमस्कार! आपला ऐकण्याचा अनुभव अधिक सुखद व्हावा यासाठी काही आवाज संतुलित करण्यात आले आहेत. आपल्याला काहीही करण्याची गरज नाही.'

'करण्यात आले आहेत' यात कर्ता नाही. 'काही आवाज' यात कुठले ते नाही. आणि शेवटचं वाक्य दिलासा म्हणून लिहिलंय, पण त्याचा खरा अर्थ असा की काही करायची सोयच ठेवलेली नाही. असा मजकूर लिहिताना 'नकार', 'बंद' हे शब्द टाळून बघा. सेवा बंद होत नाही, 'विश्रांती स्थितीत' जाते. अर्ज फेटाळला जात नाही, 'या वेळी पुढे नेता आला नाही'. संदेश तीन ओळींपेक्षा मोठा नको, आणि अख्ख्या लघुकथेत असे तीनचार पुरेत. त्याहून जास्त झाले की वाचक ते वगळून पुढे जातो, जसे आपण सगळेच खरे संदेश वगळतो.

काय फसतं

सर्वांत जास्त फसतं ते यंत्राला जाग येण्याच्या जागी. दोनशे पानं कंपनीचा आकडा, करार, कुलूप असं बांधत आणलेलं असतं आणि मग एआय अचानक 'मी आहे' म्हणते. त्या क्षणी कंपनी गोष्टीतून बाहेर पडते आणि उरते ती माणूस विरुद्ध यंत्र ही जुनीच कुस्ती. जागी झालेली एआय हवीच असेल तर तिलाही करारात बांधलेली दाखवा.

दुसरं, सर्वज्ञ यंत्रणा. तिला सगळं दिसतं, ती कधी चुकत नाही. प्रत्यक्षात भीती वाटावी ती तिच्या चुकांची, आणि त्या चुका किती होतात याचा हिशेब कथेआधी मांडून बघावा. समजा दहा लाख लोकांत एक हजार लबाड आहेत आणि यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे. ती ९९० लबाड पकडेल. पण उरलेल्या ९,९९,००० प्रामाणिक लोकांतल्या एक टक्क्यालाही, म्हणजे ९,९९० जणांना, लबाड ठरवेल. पकडलेल्या दर अकरा जणांत साधारण दहा निर्दोष. आणि कंपनीच्या जाहिरातीत '९९ टक्के अचूक' हे अगदी खरं असेल. तुमचा नायक त्या दहांतला एक आहे, आणि कचेरीतल्या प्रत्येकाला तो अकरावा वाटतो: एवढ्या गणितावर आख्खी कादंबरी उभी राहते.

तिसरं, मोठ्या केबिनमध्ये बसलेल्या मालकाचं भाषण. नायक शेवटी वर पोचतो आणि मालक त्याला चार पानं तत्त्वज्ञान ऐकवतो. त्याऐवजी वर पोचल्यावर तिथेही एक पडदा असावा आणि त्यावर तिमाही आकडे असावेत, कारण मालकालाही भागधारकांचा आकडा गाठायचाय. त्याला हटवलं तर दुसरा येतो, हे त्याला नायकापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

चौथं म्हणजे पहिल्या पानावरचा इतिहासाचा धडा: अमुक साली महायुद्ध झालं, सरकारं कोसळली, सात कंपन्यांनी जग वाटून घेतलं. हे सगळं खोडून टाका. 'पगाराच्या चिठ्ठीवर यंत्राचा हप्ता वाढलेला दिसला' या वाक्याने तेवढंच जग उभं राहतं.

लघुकथेसाठी एकच शोध पुरतो. तीन-चार हजार शब्दांत श्रवणयंत्रही, उडत्या गाड्याही आणि स्मृती विकण्याचा बाजारही आणला तर एकाचेही परिणाम दाखवायला जागा राहत नाही. कादंबरीत मात्र त्या एका शोधाची दुसरी फळी लागते. लोक यंत्रणेशी जुळवून कसं घेतात? आपल्या जगात चोरून यंत्र उघडणारे कारागीर असतील. यंत्र लावलेला आणि न लावलेला अशी दोन माणसं सोबत ठेवण्याची रीत पडेल. आणि सभेतल्या कुणाच्या तरी लक्षात येईल की यंत्र फक्त चढा आवाज उतरवतं. मग सर्वांत जहाल गोष्टी अगदी हळू, सपाट सुरात बोलायची पद्धत रुजेल. परका माणूस त्या सभेत गेला तर त्याला वाटेल की इथे हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. काही महिन्यांनी एआय तो सपाट सूरही ओळखायला शिकेल, कारण त्या सुरातलं बोलणं ऐकल्यावर लोक बटणं जास्त दाबू लागलेत. कथानकाला पुढे ढकलणारी शक्ती अशी आतूनच निघते, बाहेरून बंडखोरांची टोळी आणावी लागत नाही.

शेवट आणि एक चाचणी

शेवटाला सर्व्हर उडवण्याचा मोह टाळावा. चार हजार यंत्रांची माहिती तीन खंडांत पसरलेली असते, एका इमारतीला आग लावून काही होत नाही, आणि वाचकाला हे माहीत आहे. चांगला शेवट बहुधा नियमांच्या आतून येतो. १९८७ च्या 'रोबोकॉप' चित्रपटात पोलिसयंत्रात एक गुप्त आज्ञा घातलेली असते: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करता येणार नाही. त्या आज्ञेपुढे त्याचं सगळं बळ लटकं पडतं. सुटका होते ती कंपनीप्रमुख त्या अधिकाऱ्याला भर बैठकीत नोकरीवरून काढून टाकतो तेव्हा. आता तो अधिकारी उरलेला नाही, आज्ञा लागू नाही, गोळी सुटते. करारानेच बांधलं, करारानेच सोडलं. आणि कंपनी मात्र जशीच्या तशी उभी आहे, हा त्या शेवटाचा कडवटपणा टाळ्यांच्या आवाजात बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटतो.

कच्चा मसुदा हातात आला की एक चाचणी करून बघावी. एआयच्या जागी एक कडक कारकून बसवा आणि कथा पुन्हा वाचा. काहीच बदललं नाही, तर एआय केवळ सजावट आहे; तिला काढून टाका, कथा सुधारेल. बदल झालाच पाहिजे तो तीन ठिकाणी. एक, प्रमाण: कारकून दिवसाला शंभर अर्ज फेटाळेल, यंत्रणा एका रात्रीत लाखभर. दुसरं, कारण: कारकुनाला 'का?' विचारता येतं, तो उत्तर देईल किंवा नजर चुकवेल. मॉडेलच्या बाबतीत ते बनवणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. तिसरं, दया आणि लाच: कारकून कधीतरी विरघळतो, कधी पैसे खातो, कधी नुसता कंटाळून सही करतो. माणसांच्या व्यवस्थेतल्या या फटींतून लोक आजवर जगत आले. तुमच्या कथेत या फटी बुजल्याचं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं, आणि कुठल्या कामाच्या वेळी, ते पान कुठल्या प्रकरणात आहे हे शोधा. बहुतेक मसुद्यांत ते अर्ध्यानंतर येतं. ते पहिल्या दहा पानांत आणायचं.